मर्यादित खर्चात संघबांधणी : ओकलंड ॲथलेटिक्सच्या २००१-०२ मधील हंगामबाह्य नियोजनाचा अभ्यास

प्रस्तावना

क्रीडास्पर्धेतील यशापयशाची चर्चा बहुधा मैदानावरील खेळापुरतीच होते. प्रत्यक्षात व्यावसायिक खेळातील अनेक निर्णायक गोष्टी मैदान रिकामे असताना घडतात. अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉल हे याचे ठळक उदाहरण होय. या लीगचा नियमित हंगाम वसंत ऋतूच्या आरंभी सुरू होतो व सप्टेंबरअखेर संपतो. त्या काळात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. त्यानंतर बाद फेरी व ऑक्टोबरच्या अखेरीस ‘वर्ल्ड सिरीज’ होते. तेथून फेब्रुवारीत सराव शिबिरे सुरू होईपर्यंतचा जो हिवाळी काळ, त्यास ‘ऑफ-सीझन’ म्हणजे हंगामबाह्य काळ असे म्हणतात. कोणाला ठेवावे, कोणाला जाऊ द्यावे, कोणाच्या बदल्यात कोणाला आणावे आणि उपलब्ध पैसा कोठे घालावा, हे प्रश्न प्रामुख्याने याच काळात सोडविले जातात.

प्रस्तुत लेखात या नियोजनाचे स्वरूप ओकलंड ॲथलेटिक्स या संघाच्या २००१-०२ च्या हिवाळ्यातील निर्णयांच्या आधारे स्पष्ट केले आहे. मायकेल लुईस यांच्या ‘मनीबॉल’ (२००३) या पुस्तकामुळे व त्यावरील २०११ च्या चित्रपटामुळे हा प्रसंग जगभर परिचित झाला. तथापि लोकप्रिय मांडणीत तो ‘आकडेवारीने अनुभवावर मिळविलेला विजय’ एवढ्यावरच आटोपतो. वस्तुतः तो टंचाईच्या व्यवस्थापनाचा प्रश्न होता. गेलेल्या व्यक्तीची जागा भरणे आणि त्या व्यक्तीच्या योगदानाची जागा भरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. या भेदाचे महत्त्व, त्याच्या मर्यादा आणि त्याची खेळाडूंना व प्रेक्षकांना द्यावी लागलेली किंमत यांचा विचार येथे केला आहे.

संघयादी आणि सेवाकाळाचे नियम

संघयादी म्हणजे केवळ अकरा-पंधरा नावांचा संच नव्हे. प्रत्येक क्लबची चाळीस खेळाडूंची एक विस्तृत यादी असते आणि तिच्यातून सामन्यांसाठी सक्रिय यादी ठरते. सक्रिय यादीत २००२ साली २५ खेळाडू असत. २०२० पासून ही संख्या २६ आहे. या यादीच्या खाली मायनर लीगमधील संघांची उतरंड असते. तरुण खेळाडू तेथे घडतात. चाळिसांच्या यादीतील खेळाडूला मायनर लीगमध्ये पाठविण्याची मुभा साधारणतः तीन हंगामांपुरती असते. त्यानंतर त्याला खाली पाठवावयाचे झाल्यास आधी अन्य क्लबांना त्याच्यावर हक्क सांगण्याची संधी द्यावी लागते. उलटपक्षी, ठरावीक वर्षे मायनर लीगमध्ये राहूनही चाळिसांच्या यादीत न घेतलेला खेळाडू डिसेंबरमधील एका विशेष निवडफेरीत दुसरा क्लब उचलू शकतो. त्यामुळे यादीतील प्रत्येक जागेला मोल असते. एकाला आत घेणे म्हणजे दुसऱ्याला उघड्यावर ठेवणे होय.

वेतनाचा हिशेब सेवाकाळावर अवलंबून असतो. साधारणतः पहिली तीन वर्षे खेळाडूला किमान वेतनाच्या आसपासच वेतन मिळते. २००२ साली हे किमान वेतन वार्षिक दोन लाख डॉलर होते. तीन ते सहा वर्षांच्या टप्प्यात तो लवादाकडे दाद मागू शकतो, त्यामुळे वेतन वाढू लागते. सहा वर्षांची सेवा पूर्ण झाल्यावर आणि करार संपल्यावर तो ‘फ्री एजंट’, म्हणजे कोणत्याही क्लबशी करार करण्यास मोकळा होतो. त्याचे खरे बाजारमूल्य येथे प्रकट होते.

या रचनेतून एक महत्त्वाचे सूत्र निघते. क्लबच्या दृष्टीने खेळाडूचे मूल्य त्याच्या कौशल्यावर जसे ठरते, तसेच तो किती वर्षे आणि किती वेतनात आपल्याकडे राहणार यावरही ठरते. अतिशय गुणवान परंतु एका वर्षात मोकळा होणारा खेळाडू आणि मध्यम गुणांचा पण पाच वर्षे अल्प वेतनात उपलब्ध असणारा खेळाडू यांची अदलाबदल होते, ती या सूत्रामुळेच. बाहेरून पाहणाऱ्याला विषम वाटणारा व्यवहार आतून समतोल असू शकतो.

अदलाबदलीच्या अधिकाराचा पूर्वेतिहास

खेळाडूच्या संमतीवाचून त्याची अदलाबदल करण्याचा अधिकार क्लबांकडे दीर्घकाळ अनिर्बंध होता. करार संपला तरी त्याच क्लबकडे खेळण्याचे बंधन खेळाडूवर राही. ऑक्टोबर १९६९ मध्ये सेंट लुईस कार्डिनल्सने कर्ट फ्लड या खेळाडूची फिलाडेल्फिया फिलीज संघाशी अदलाबदल केली. फ्लड यांनी जाण्यास नकार दिला व न्यायालयात धाव घेतली. सर्वोच्च न्यायालयाने जून १९७२ मध्ये ५ विरुद्ध ३ मतांनी त्यांच्या विरोधात निर्णय दिला. मात्र त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न मिटला नाही. डिसेंबर १९७५ मध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ व डेव्ह मॅकनॅली या पिचरांच्या बाजूने निवाडा दिला आणि खेळाडूंच्या मुक्ततेचे युग सुरू झाले. दहा वर्षांची सेवा आणि त्यांपैकी शेवटची पाच वर्षे एकाच क्लबमध्ये पूर्ण केलेल्या खेळाडूला अदलाबदलीस नकार देण्याचा अधिकार त्याआधीच, १९७३ च्या कराराने, मिळाला होता.

या बदलाचा धक्का ओकलंडला लवकर बसला. १९७२, १९७३ व १९७४ अशा सलग तीन वर्ल्ड सिरीज जिंकणारा हा संघ नव्या व्यवस्थेत आपले खेळाडू राखू शकणार नाही, हे मालक चार्ल्स फिन्ली यांनी ओळखले. जून १९७६ मध्ये त्यांनी जो रूडी व रॉली फिंगर्स यांना प्रत्येकी दहा लाख डॉलरला बोस्टनला आणि व्हायडा ब्लू यांना पंधरा लाख डॉलरला न्यूयॉर्क यांकीजला विकले. आयुक्त बोवी कून यांनी खेळाच्या हिताचे कारण देऊन हे व्यवहार रद्द केले. उत्कृष्ट खेळाडू सरळ रोखीने विकून मोकळे होण्याचा मार्ग अशा रीतीने अडला. खेळाडू जाण्यापूर्वीच त्याच्या बदल्यात खेळाडू मिळविणे, किंवा तो गेल्यावर नियमानुसार जी भरपाई मिळेल तिचा पुरेपूर उपयोग करणे, हेच पर्याय उरले. पंचवीस वर्षांनंतर त्याच क्लबसमोर तोच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला.

२००१ च्या अखेरची परिस्थिती

२००१ च्या हंगामात ओकलंडने १०२ सामने जिंकले. बाद फेरीच्या पहिल्याच टप्प्यात यांकीजने त्यांना ३-२ असे हरविले. त्यानंतर काही आठवड्यांतच संघातील तीन प्रमुख खेळाडू मोकळे झाले आणि निघून गेले. पहिल्या बेसवर खेळणारे व फलंदाजीचा आधारस्तंभ असलेले जेसन जिआम्बी सात वर्षांच्या १२ कोटी डॉलरच्या कराराने यांकीजकडे गेले. मध्यक्षेत्र सांभाळणारे जॉनी डेमन चार वर्षांच्या ३.१ कोटी डॉलरच्या कराराने बोस्टन रेड सॉक्सकडे गेले. सामन्याच्या अखेरीस आघाडी राखण्यासाठी येणारे पिचर, म्हणजे ‘क्लोजर’, जेसन इसरिंगहाउझेन चार वर्षांच्या २.७ कोटी डॉलरच्या कराराने सेंट लुईसला गेले.

२००२ च्या आरंभी ओकलंडचा संपूर्ण वेतनखर्च सुमारे ४ कोटी डॉलर होता, तर यांकीजचा सुमारे १२.५ कोटी. एकट्या जिआम्बी यांच्या कराराची सरासरी वर्षाला १.७ कोटी डॉलरहून अधिक होती. त्यांना राखणे म्हणजे चाळीस टक्क्यांहून अधिक खर्च एका जागेवर करणे. भारतीय वाचकाला परिचित असलेल्या आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाला खर्चाची समान मर्यादा असते. मेजर लीगमध्ये अशी समान मर्यादा तेव्हाही नव्हती. ऑगस्ट २००२ च्या सामूहिक करारान्वये पुढील हंगामापासून ठरावीक मर्यादेपलीकडील वेतनखर्चावर कर बसविण्यात आला. परंतु तो कर होता, मनाई नव्हती.

महाव्यवस्थापक बिली बीन हे स्वतः माजी खेळाडू. त्यांचे सहायक पॉल डीपोडेस्टा हार्वर्डचे अर्थशास्त्राचे पदवीधर. ‘दुसरा जिआम्बी कोठे मिळेल?’ हा प्रश्न त्यांच्यापुढे निरर्थक होता, कारण मिळाला असता तरी परवडला नसता. त्याऐवजी जिआम्बी नेमके काय देत होते आणि त्यातील कोणता भाग बाजारात स्वस्त मिळतो, असा प्रश्न त्यांनी विचारला.

योगदानाचे पृथक्करण

बेसबॉलमध्ये फलंदाज बाद न होता बेसवर पोहोचणे ही धावसंख्येची पहिली पायरी होय. फटका मारून बेस गाठता येतो. तसेच पिचरने ठरावीक पट्ट्याबाहेर चार चेंडू टाकले आणि फलंदाजाने त्यांचा मोह टाळला, तर त्याला पहिला बेस आपोआप मिळतो. यास ‘वॉक’ म्हणतात. पारंपरिक फलंदाजी-सरासरीत वॉकची गणना होत नाही. बेसवर पोहोचण्याच्या प्रमाणात ती होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस खेळाडूंचा बाजार फटक्यांना, वेगाला व दर्शनी शारीरिक क्षमतेला भरपूर पैसे देत होता. संयमाने वॉक मिळविणाऱ्याला मात्र कमी. आधीचे महाव्यवस्थापक सँडी ऑल्डरसन यांच्या काळापासून ओकलंडने या विसंगतीवर लक्ष ठेवले होते.

२००१ मध्ये जिआम्बी यांचे बेसवर पोहोचण्याचे प्रमाण ०.४७७ होते. दर शंभर वेळा फलंदाजीस आल्यावर जवळजवळ अठ्ठेचाळीस वेळा ते बेसवर पोहोचत. हे नुकसान खरोखर मोठे होते. डेमन यांचे प्रमाण मात्र ०.३२४, म्हणजे लीगच्या सरासरीपेक्षा किंचित कमी होते. त्यांच्या जाण्याने क्षेत्ररक्षण व वेग यांची उणीव भासणार होती. फलंदाजीतील हानी त्यांच्या प्रसिद्धीच्या मानाने अल्प होती. अशा रीतीने ‘तीन तारे गेले’ या एकाच विधानातून वेगवेगळ्या आकाराच्या तीन तुटी वेगळ्या काढण्यात आल्या.

पहिल्या तुटीसाठी एकच खेळाडू शोधण्यात आला नाही. बोस्टनचे कॅचर स्कॉट हॅटेबर्ग यांना कोपराच्या दुखापतीमुळे पूर्वीसारखी फेक करणे शक्य राहिले नव्हते. डिसेंबर २००१ मध्ये बोस्टनने त्यांना कोलोरॅडोकडे दिले आणि कोलोरॅडोने त्यांच्याशी करार न करता त्यांना मोकळे केले. कॅचर म्हणून त्यांची किंमत संपली होती. परंतु चेंडू पारखण्याची त्यांची दृष्टी शाबूत होती. ओकलंडने त्यांना २००२ साठी नऊ लाख डॉलरला घेतले आणि प्रशिक्षक रॉन वॉशिंग्टन यांच्या हाताखाली पहिल्या बेसवर खेळण्यास शिकविले. वयाच्या पस्तिशीतील डेव्हिड जस्टिस हे त्याच डिसेंबरमध्ये यांकीजकडून न्यूयॉर्क मेट्सकडे आणि आठवडाभरात मेट्सकडून ओकलंडकडे आले. उतरणीला लागलेला, पण संयम न गमावलेला फलंदाज म्हणून त्यांची निवड झाली. जानेवारी २००२ मध्ये टेक्सास रेंजर्सकडून कार्लोस पेन्या हा तरुण खेळाडू मिळविण्यात आला. रेंजर्सकडे पहिल्या बेसवर राफेल पाल्मेरो असल्यामुळे पेन्या तेथे अतिरिक्त ठरत होता, तर ओकलंडला तो अनेक वर्षे अल्प वेतनात मिळणार होता. या व्यवहारात ओकलंडने चार तरुण खेळाडू दिले.

मध्यक्षेत्रासाठी बाहेरून कोणालाही आणण्यात आले नाही. संघातीलच टेरेन्स लाँग यांना तेथे हलविण्यात आले. क्षेत्ररक्षणाची काही हानी पत्करून पैसा वाचविण्याचा हा निर्णय होता.

क्लोजरचा प्रश्न आणि भरपाईचा नियम

तिसऱ्या जागेचा हिशेब सर्वांत बोधप्रद आहे. सामन्याच्या शेवटच्या डावात आघाडी राखल्यास पिचरच्या नावे ‘सेव्ह’ नोंदविला जातो. सेव्हची संख्या डोळ्यांत भरते आणि तिच्यामुळे क्लोजरची किंमत चढते. ओकलंडच्या दृष्टीने मात्र क्लोजर हा घडविता येणारा आणि योग्य वेळी देऊन टाकण्याजोगा खेळाडू होता. जुलै १९९९ मध्ये त्यांनी आपला तत्कालीन क्लोजर बिली टेलर मेट्सला देऊन इसरिंगहाउझेन यांना घेतले होते. तेव्हा दुखापतींनी जेरीस आलेले इसरिंगहाउझेन २००१ पर्यंत ३४ सेव्ह करणारे क्लोजर झाले आणि बाजाराने त्यांची किंमत कोट्यवधींत केली.

त्यांच्या जागी डिसेंबर २००१ मध्ये टोरांटो ब्लू जेजकडून बिली कॉच यांना आणण्यात आले. बदल्यात एरिक हिन्स्की व जस्टिन मिलर हे दोन तरुण गेले. हिन्स्की तिसऱ्या बेसवर खेळणारे. ओकलंडच्या तिसऱ्या बेसवर एरिक चावेझ पक्के होते. म्हणजे जेथे विपुलता होती तेथून देऊन जेथे टंचाई होती तेथे घेतले. कॉच यांनी २००२ मध्ये ४४ सेव्ह केले. दुसऱ्या बाजूला हिन्स्की त्याच वर्षी अमेरिकन लीगचे सर्वोत्कृष्ट नवोदित खेळाडू ठरले. म्हणून हा व्यवहार एका पक्षाने दुसऱ्याला फसविल्याचे उदाहरण नव्हे. दोन्ही पक्षांच्या गरजा भिन्न होत्या, एवढाच त्याचा अर्थ. पुढील डिसेंबरात कॉच यांना शिकागो व्हाइट सॉक्सकडे देऊन ओकलंडने कीथ फोक यांना घेतले. २००३ मध्ये फोक ४३ सेव्हसह लीगमध्ये अग्रस्थानी राहिले, तर कॉच यांचा खेळ घसरला. त्यानंतर फोकही मोकळे होऊन बोस्टनला गेले.

गेलेल्या खेळाडूंची भरपाई हा नियोजनाचा दुसरा भाग होता. तेव्हाच्या नियमानुसार वरच्या श्रेणीतील खेळाडू मोकळा होऊन गेल्यास, त्याला घेणाऱ्या क्लबची ड्राफ्टमधील, म्हणजे नवोदितांच्या वार्षिक निवडफेरीतील, वरची निवड आणि शिवाय पहिल्या व दुसऱ्या फेरीदरम्यानची एक अतिरिक्त निवड जुन्या क्लबला मिळे. जिआम्बी, डेमन व इसरिंगहाउझेन यांच्या जाण्याने ओकलंडला जून २००२ च्या ड्राफ्टमध्ये सहा निवडी मिळाल्या. स्वतःची एक धरून सात. बोस्टनच्या, १६ व्या क्रमांकावरील निवडीतून निक स्विशर आणि यांकीजच्या, २४ व्या क्रमांकावरील निवडीतून जो ब्लँटन आले. ३९ व्या क्रमांकावरील मार्क टीहन यांनीही पुढे मेजर लीगमध्ये स्थान मिळविले. उरलेल्या चौघांपैकी जेरेमी ब्राउन यांच्या वाट्याला मेजर लीगचे अवघे पाच सामने आले आणि तिघे तेथपर्यंत पोहोचूच शकले नाहीत. भरपाई ही हमी नसून संधी असते, हे या प्रमाणावरून लक्षात येते. हा नियम २०१२ च्या सामूहिक कराराने बदलण्यात आला.

हंगामातील दुरुस्ती आणि तिची मानवी किंमत

हिवाळ्यात केलेली योजना अंतिम नसते. मे २००२ च्या उत्तरार्धात ओकलंडचे पराभव विजयांपेक्षा अधिक होते. पेन्या यांना मायनर लीगमध्ये पाठविण्यात आले व पहिला बेस हॅटेबर्ग यांच्याकडे कायम झाला. जेसन यांचे धाकटे बंधू जेरेमी जिआम्बी यांना फिलाडेल्फियाकडे देऊन जॉन मेब्री यांना घेण्यात आले. जुलैत तीन क्लबांच्या व्यवहारात पेन्या डेट्रॉइटला गेले आणि यांकीजचे पिचर टेड लिली ओकलंडला आले. अदलाबदलीची मुदत ३१ जुलैला संपण्याआधी शिकागोकडून रे डरहॅम व क्लीव्हलंडकडून डावखुरे पिचर रिकार्डो रिंकॉन मिळविण्यात आले. पेन्या यांनी २००७ मध्ये टॅम्पा बे संघाकडून ४६ होम रन केले, हे लक्षात घेता तरुण खेळाडूविषयी धीर सोडण्याची किंमतही विचारात घ्यावी लागते.

रिंकॉन यांचा व्यवहार झाला तेव्हा क्लीव्हलंडचा संघ ओकलंडमध्येच सामना खेळण्यासाठी आलेला होता. ते एका कपडे बदलण्याच्या खोलीतून दुसऱ्या खोलीत गेले आणि प्रतिस्पर्धी सहकारी झाले. त्यांच्यासाठी यादीत जागा करताना माइक मॅग्नांटे या अनुभवी पिचरला वगळण्यात आले. पूर्ण निवृत्तिवेतनासाठी आवश्यक असलेली दहा वर्षांची सेवा पुरी होण्यास तेव्हा त्यांना अवघे चार दिवस उरले होते, अशी नोंद लुईस यांच्या पुस्तकात आहे. पंचवीस जागांच्या यादीत नवा माणूस येतो तेव्हा जुना जातोच. नियोजनाच्या तक्त्यात ही एका ओळीची फेरमांडणी असते. त्या ओळीवरील माणसासाठी ते अख्ख्या कारकिर्दीचे फलित असते.

फलिताचे मूल्यमापन

१३ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर २००२ या काळात ओकलंडने सलग वीस सामने जिंकले. अमेरिकन लीगमध्ये तोपर्यंत असे घडले नव्हते. विसाव्या सामन्यात कॅन्सस सिटीविरुद्ध ११-० अशी आघाडी ११-११ अशी संपुष्टात आल्यावर बदली फलंदाज म्हणून आलेल्या हॅटेबर्ग यांच्या होम रनने संघ १२-११ असा जिंकला. हंगामाअखेर ओकलंडचे १०३ विजय झाले, तेवढेच यांकीजचेही. ओकलंडच्याच विभागातील टेक्सास संघ १० कोटी डॉलरहून अधिक वेतनखर्च करूनही ७२ विजयांसह तळाला राहिला. बाद फेरीत मात्र ओकलंडला मिनेसोटा ट्विन्सने ३-२ असे हरविले.

या यशाचे श्रेय कोणाला, हा प्रश्न आकड्यांच्या आधारे तपासता येतो. ओकलंडने २००१ मध्ये ८८४ धावा केल्या होत्या. २००२ मध्ये ८००. म्हणजे फलंदाजीतील तूट पूर्णपणे भरून निघाली नाही. दिलेल्या धावा अनुक्रमे ६४५ व ६५४, म्हणजे जवळपास तेवढ्याच राहिल्या. संघ टिकला तो मुख्यतः पिचरांमुळे. बॅरी झिटो (२३ विजय), मार्क मल्डर (१९) व टिम हडसन (१५) या तिघांनी मिळून ५७ विजय नोंदविले. झिटो लीगचे सर्वोत्कृष्ट पिचर आणि मिगेल तेहाडा सर्वोत्तम खेळाडू ठरले. हे सर्व क्लबने स्वतः निवडून वा घडवून वर आणलेले आणि अद्याप सहा वर्षांच्या कक्षेत असलेले खेळाडू होते. लोकप्रिय कथेत हॅटेबर्ग अग्रभागी असले तरी त्यांच्यावर विसंबण्याचे धाडस क्लब करू शकला, ते या पायाच्या बळावर. हंगामबाह्य काळातील व्यवहार हे संघबांधणीचे छप्पर होय. पाया अनेक वर्षे आधी घातलेला असतो.

दुसरी मर्यादा बाजाराच्या स्वभावातून येते. अर्थतज्ज्ञ जान हेक्स व रेमंड सॉअर यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखविले की, बेसवर पोहोचण्याच्या कौशल्याला पूर्वी वेतनात कमी मोल मिळत होते. मात्र २००४ च्या सुमारास ही विसंगती दूर झाली. बोस्टनने २००२ च्या अखेरीस सांख्यिकी विश्लेषक बिल जेम्स यांना सल्लागार नेमले आणि २००४ ची वर्ल्ड सिरीज जिंकली. डेमन व फोक हे दोघेही त्या विजयी संघात होते. श्रीमंत क्लबने तीच दृष्टी स्वीकारल्यावर गरीब क्लबचा लाभ संपला. ज्ञानावर आधारलेला लाभ गुप्त असेतोवरच टिकतो.

साधन आणि हेतू

तीच साधने भिन्न हेतूने वापरली की परिणामही भिन्न होतो, हे ओकलंडच्याच पुढील इतिहासावरून दिसते. २००२ मध्ये आलेली बचत त्याच संघाच्या विजयासाठी वापरली जात होती. २०२२ च्या वसंतात मात्र मॅट ओल्सन, मॅट चॅपमन, ख्रिस बॅसिट व शॉन मनाया या मुख्य खेळाडूंना काही आठवड्यांच्या अंतराने वेगवेगळ्या क्लबांकडे देण्यात आले. बदल्यात तरुण खेळाडू आले, परंतु संघ उभा राहिला नाही. २०२३ मध्ये ५० विजय व ११२ पराभव अशी नोंद झाली. १३ जून २०२३ रोजी प्रेक्षकांनी मुद्दाम मोठ्या संख्येने मैदानावर येऊन मालकाने संघ विकावा अशी मागणी केली. प्रेक्षक नाहीत म्हणून संघ हलवावा लागतो, हा युक्तिवाद खोडून काढणे हा त्यामागील उद्देश होता. तरीही २६ सप्टेंबर २०२४ रोजी ओकलंडमधील अखेरचा सामना झाला आणि २०२५ पासून संघ लास व्हेगासच्या प्रतीक्षेत वेस्ट सॅक्रामेंटो येथे खेळू लागला.

या दोन कालखंडांतील व्यवहार कागदावर सारखेच दिसतात. दोन्हींत महागडा खेळाडू जातो व स्वस्त तरुण येतो. भेद पुढील प्रश्नाच्या उत्तरात आहे : वाचलेला पैसा आणि मिळालेली वर्षे कोणत्या संघासाठी, कोणत्या मुदतीत खर्च होणार आहेत? या प्रश्नाला उत्तर असेल तर ते नियोजन होय; नसेल तर ती केवळ काटकसर ठरते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, संघयादीचे नियोजन हे नावांचे नसून योगदान, सेवाकाळ व वेतन या तिन्हींच्या एकत्रित हिशेबाचे असते. दुसरी, तूट एकसंध न मानता तिचे घटक वेगळे केल्यास अल्प साधनांतही बरीच भरपाई शक्य होते, मात्र ती संपूर्ण होत नाही. तिसरी, बाजारातील विसंगतीचा लाभ तात्पुरता असतो. स्वतः घडविलेल्या खेळाडूंचा पाया अधिक टिकाऊ ठरतो. चौथी, प्रत्येक व्यवहाराची एक बाजू हिशेबात मावत नाही. कर्ट फ्लड यांनी विचारलेला संमतीचा प्रश्न मॅग्नांटे यांच्या चार दिवसांत आणि ओकलंडच्या प्रेक्षकांच्या रिकाम्या झालेल्या मैदानात वेगवेगळ्या रूपांत पुन्हा भेटतो.

संघ हा खेळाडूंच्या अदलाबदलीनंतरही संघच राहतो, कारण त्याला आपले मानणारे लोक तेच असतात. हंगामबाह्य काळातील नियोजनाची अंतिम कसोटी म्हणूनच दुहेरी आहे. पुढील हंगामात किती सामने जिंकले, हे तिचे एक अंग. ज्यांच्यासाठी ते जिंकावयाचे होते ते लोक मैदानावर उरले की नाही, हे दुसरे. ओकलंडचा २००२ चा संघ पहिल्या अंगाने वर्ल्ड सिरीजपर्यंत पोहोचला नाही, पण दुसऱ्या अंगाने तो उत्तीर्ण झाला होता. वीस वर्षांनंतरच्या नियोजनाला ही दोन्ही अंगे सांभाळता आली नाहीत.